डोळे आखणारी

हे मी आजवर कुणाशीच बोललो नाही. पोटच्या पोरांशी नाही, देवाशीही नाही — देवाशी कसा बोलणार, देव तर मीच घडवतो! बघा, झालं सुरू. तोंड उघडायचा अवकाश, की बढाई बाहेर. पण आता म्हातारा झालो, आणि तुम्ही समोर बसलाच आहात, तर ऐका.

मी कल्याणचा मूर्तिकार. कुंभारवाड्यात माझा कारखाना. गणपतीच्या आधी महिनाभर ठाण्यापासून डोंबिवली गावापर्यंतची माणसं आपापले पाट आणून ठेवतात. त्या पाटावर त्यांचा देव घडवायचा. हल्ली चौकात मांडव घालून गणपती बसवायची टूम निघाली आहे, तिथंही माझंच नाव निघतं. "डोळे बघा, डोळे!" असं लोक म्हणतात.

लहानपणापासून माझं एक आहे — काय म्हणावं त्याला? गर्व? पण गर्विष्ठ माणूस निदान आपल्या जागी खूश असतो हो. मी कधीच नव्हतो. कुणी वाहवा केली की फुगायचो, आणि सकाळी उठून पाहावं तर आत ठणठणाट. तळाला चीर गेलेल्या रांजणात कितीही पाणी ओता! भावाच्या मुलाचं बारसं होतं, सगळे बाळाला बघत होते, तर मी ताटावरून उठलो — पोटात दुखतंय म्हणून. बाळाला सोडून सगळे माझ्याभोवती गोळा झाले. दुखत होतं का? छे! कशाला दुखेल?

तर डोळे. डोळे काढायच्या कामाला आमच्यात आखणी म्हणतात. सगळ्यात शेवटचं काम. हात एवढासा हलला की देव तिरळा. एका श्रावणात मला हिवताप भरला, हात लटलट कापायला लागले, आणि लोकांचे पाट तर येऊन पडलेले. माझी बायको — यमुना तिचं नाव, हयातभर मी ते उखाण्यापलीकडे घेतलं नाही — म्हणाली, "अहो, मी बघू का?"

मी हसलो. "बघ की! भाकरी थापायची आहे जणू."

तिनं पदर खोचला, कुंचला घेतला, श्वास धरला. मी पडल्या पडल्या बघत होतो. एक रेघ वर, एक खाली, मध्ये काळं, आणि त्या काळ्यात पांढरा ठिपका. आणि देवानं माझ्याकडे बघितलं! काय सांगू तुम्हाला — अंगावर सरसरून काटा आला. तापामुळं? नाही हो. ती माती मी माझ्या पायांनी तुडवलेली, तिच्यात काय काय मिसळलंय ते मला ठाऊक — आणि तीच माती माझ्याकडे बघत होती, एवढ्या मायेनं की मला रडू फुटलं. मी उठून हात जोडले. देवाला जोडले, असं म्हटलं. खरं तर माझं तोंड तिच्याकडे होतं.

तेव्हापासून दरसाल आखणी तिची. पहाटे, कुणी यायच्या आत. नाव माझं. तिनं मागितलं नाही, मी दिलं नाही. आणि नवल ऐका — दोन-चार वर्षांत ते डोळे मीच काढल्याचं मला आठवायला लागलं! शप्पथ सांगतो, कुंचला कसा टेकवला तेसुद्धा. माणसाचं मन एवढं करू शकतं? मला अजून त्याची धडकी भरते.

मग ती ठाण्याची म्हातारी आली. एका वकिलाची आई. मूर्ती कुठवर आली ते बघायला, न सांगता, भल्या सकाळी आगगाडीनं आली. बरोबर चार माणसं. आत माझी बायको कुंचला घेऊन बसलेली.

"अगं बाई! हे डोळे तू काढतेस होय?" म्हातारी थबकलीच. मग हळूच म्हणाली, "म्हणूनच. म्हणूनच दरसाल विसर्जन करायचं माझ्या जिवावर येतं."

आणि तिनं माझ्या बायकोची रंगानं बरबटलेली बोटं उचलून स्वतःच्या डोळ्यांना लावली. सगळे बघत राहिले — तिच्याकडे. मी दारातच उभा होतो. एक मान माझ्याकडे वळेल तर शपथ! मी हसत होतो, बरं का. "मीच शिकवलंय थोडंफार," असंही म्हणालो. पण आत? आत असं वाटलं, की मी नाहीच. थट्टा नाही — मी खरोखर माझा दंड चाचपून बघितला.

म्हणूनच. एवढाच शब्द. जेवताना म्हणूनच, माती मळताना म्हणूनच, डोळा लागता लागता म्हणूनच.

आता पुढचं सांगायलाच हवं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी अंगण माणसांनी भरलं होतं. म्हातारी मुलाला घेऊन मूर्ती न्यायला आलेली. मी मधोमध उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "ही मूर्ती देता येत नाही. आमच्या हिला कावळा शिवला होता, तरी हिनं देवाला हात लावला. मला आत्ता कळलं. बाकीच्या माझ्या हातच्या आहेत, बिनघोर न्या."

खोटं. धादांत खोटं. तिची पाळी कधीच होऊन गेली होती.

पण भरल्या अंगणात, परक्या पुरुषांसमोर, बाईनं याला काय उत्तर द्यावं? कुठल्या तोंडानं द्यावं? ते मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर मी हेच खोटं निवडलं. चोरीचा आळ घेतला असता तर ती बोलली असती.

"अगं भवाने!" म्हणत घरातल्या वडीलधाऱ्या, आमच्या आत्यानं तिचा दंड धरला आणि ओढत बाहेर नेलं. म्हातारी तोंडाला पदर लावून मागं सरकली. आणि लोक? लोक मला म्हणाले, "केवढा सचोटीचा माणूस! बायकोचीसुद्धा गय केली नाही." माझा ऊर भरून आला. लाजेनं नाही हो — आनंदानं!

जाता जाता बायको माझ्याकडे बघत होती. राग नव्हता तिच्या नजरेत. ती थक्क झाली होती. खोल विहिरीत वाकून बघावं तशी ती माझ्यात बघत होती, आणि तळ काही तिला दिसत नव्हता.

मूर्ती मीच खाडीवर नेली. भरती होती. हळूहळू खाली सोडली. चेहरा शेवटी बुडाला. पाण्याखालूनही ते डोळे माझ्याकडे बघत होते, तेवढ्याच मायेनं. मी कमरेएवढ्या पाण्यात उभा. इतकं सुंदर काही जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्याच हातांनी बुडत होतं.

म्हातारीला दुसरी मूर्ती दिली. तिचे डोळे मी आखले. दोन काळे ठिपके, बस्स. "वा, काय डोळे!" लोक म्हणाले, आणि मी मान डोलावली. म्हातारीनं बराच वेळ बघितलं आणि गड्याला मूर्ती उचलायला सांगितलं. पुढच्या साली तिचा पाट आला नाही.

यमुनेनं पुन्हा कारखान्यात पाऊल टाकलं नाही. आत्यानं टाकू दिलं नाही, आणि मी आत्याला अडवलं नाही. भात कांडला, पोरं वाढवली, मला वाढलं. एकदा चुलीपुढच्या राखेत तिनं बोटानं काढलेला डोळा दिसला. उघडा, जिवंत. मी तो पायानं पुसला. हेही मीच केलं.

गेल्या आषाढात ती गेली. शेवटच्या दुपारी मी जवळ बसलो होतो, ठरवून — आज सांगायचंच. मी खोटं बोललो, डोळे तुझे होते. तोंड उघडलं, आणि काय बाहेर पडलं? "माझ्याबद्दल मनात काही वाईट नाही ना गं?"

ती मरत होती, आणि मी माझंच विचारत होतो!

तिनं माझ्याकडे बघितलं. "जेवलात का?" म्हणाली.

"नाही."

तिनं सुनेला हाक मारली आणि मला वाढायला सांगितलं. मी उठलो, जाऊन बसलो आणि पोटभर जेवलो. हात धुऊन परत आलो, तोवर ती गेली होती.