दिवाणाच्या फळ्यांची पेटी

उज्वला गायधनीने घरी आणलेला छोटा लेझर कटर पहिल्यांदा चालवला, तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता आणि पुढच्या खोलीत तिचे सासरे भिमाजी वरणभात जेवत होते. मशीन मागच्या ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या झाकणावर ठेवलं होतं. निळा ठिपका भुसा आणि गोंद दाबून केलेल्या एमडीएफच्या फळीवरून सरकत गेला, मागे काळी रेघ उमटली आणि एका आडनावातलं पहिलं अक्षर सुटून खाली पडलं. आपल्या हातून झालेलं काही आवडावं, असं तिला फार दिवसांनी वाटलं.

मग धूर आला. नुसत्या लाकडाचा नव्हता तो. फळीतल्या गोंदाचा, कडवट, डोळ्यांत चुरचुरणारा. बाल्कनीच्या जाळीतून तो बाहेर जाईल अशी तिची समजूत होती, पण वारा समोरून होता. धूर स्वयंपाकघरातून सरळ पुढच्या खोलीत शिरला. भिमाजींना खोकल्याची अशी उबळ आली की ताट पलंगावरच कलंडलं. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा ब्याण्णववरून त्र्याऐंशीवर आला. तिने खिडक्या उघडल्या, डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे ऑक्सिजन एका आकड्याने वाढवला आणि त्यांची पाठ धरून बसून राहिली. अर्ध्या तासाने त्यांना शब्द फुटला.

"काय जाळलंस?"

"पाटी करत होते, अण्णा. दारावरच्या नावाची."

तिने भात गोळा केला, चादर बदलली आणि संध्याकाळी मशीन पुन्हा खोक्यात घालून माळ्यावर टाकलं.

उज्वला चव्वेचाळीस वर्षांची होती. नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात तिने सोळा वर्षं विजेच्या पॅनेलची ड्रॉइंग केली होती. पत्रा कुठे वाकवायचा, दाराला रबर कुठे लावायचं, आत धूळ जाऊ नये म्हणून फट किती ठेवायची, हे सगळं तिच्या हाताला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी भिमाजी दवाखान्यातून नाकात नळी घेऊन घरी आले आणि तिने नोकरी सोडली. कोणी सोड म्हणालं नव्हतं. नवरा महेश मनमाडला रेल्वेच्या ऑफिसात. सकाळी सातला नाशिकरोड स्टेशनवरून गाडी धरायचा तो रात्री आठला परत. मुलगी शिकायला पुण्याला. मग उरलं कोण, हे विचारायची वेळच कोणावर आली नाही.

तेव्हापासून जेलरोडवरच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात दोघंच. ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर दिवसभर चालू. भिमाजींच्या उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा असायचा. काही हवं असलं की ते पेल्यावर चमचा वाजवायचे. पाणी, पंखा, पेपर, पुन्हा पंखा. भाजी आणायला ती वीस मिनिटांत जाऊन यायची. एकदा बँकेत पाऊण तास लागला, तर परत आल्यावर त्यांनी विचारलं, "मेलो असतो तर?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. खरंच माहिती हवी असल्यासारखं त्यांनी विचारलं होतं.

धुराच्या प्रसंगानंतर महेशने पहिल्यांदाच नीट लक्ष घातलं. "घरात हे चालणार नाही," तो म्हणाला. "सिन्नर फाट्याला माझ्या ओळखीच्या माणसाचा गाळा आहे. तिकडे मशीन ठेव. दिवसा अण्णांपाशी बाई ठेवू."

उज्वलाने मान डोलावली आणि भाकरी थापत राहिली. जास्त आनंद दाखवला तर बेत मोडेल अशी तिला भीती वाटली.

बाईही मिळाली. भागीबाई, पळसे गावाकडची, साठीला टेकलेली, पूर्वी एका दवाखान्यात आया होती. ती दोन दिवस काम समजून घ्यायला आली. भिमाजींच्या पलंगाजवळच्या कॅलेंडरवर तिने आपला फोन नंबर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवला. "गाळा मिळाला का सांगा ताई. मी दहाला येत जाईल, पाचला जाईल." दहा ते पाच. उज्वला ते शब्द दिवसभर मनात घोळवत होती.

गाळ्यातला जुना भाडेकरू महिनाभराने सोडणार होता. दरम्यान तिची जुनी सहकारी स्नेहा हिने एक काम आणलं: तिच्या नातेवाइकांच्या नव्या इमारतीतल्या चोवीस घरांसाठी पाट्या, वास्तुशांतीच्या आधी. एक महिना थांबणं शक्य नव्हतं. तेवढ्यापुरती मशीनभोवती बंद पेटी करावी आणि धूर नळीने बाहेर काढावा, असं उज्वलाने ठरवलं. फक्त महिन्यापुरतं.

लाकूड घरातच होतं. भिमाजींसाठी वर-खाली होणारा पलंग आणला तेव्हा त्यांचा जुना दिवाण मोडून त्याच्या फळ्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. तिने वहीत ड्रॉइंग काढलं, गल्लीतल्या सुताराकडून फळ्या मापात कापून आणल्या आणि बाल्कनीत बसून पेटी उभी केली. वर बिजागरीचं झाकण, झाकणात नारिंगी ॲक्रिलिकची खिडकी. या लेझरचा निळा उजेड डोळ्यांना घातक, तो त्या रंगातून बाहेर येत नाही. झाकणाच्या कडेने दाराला लावतात ती रबराची पट्टी. सांध्यांत सिलिकॉन. कोपऱ्यात चार इंची एक्झॉस्ट पंखा आणि तिथून ॲल्युमिनियमची लवचीक नळी जाळीपर्यंत. चार दिवस लागले. अकरा ते एक भिमाजी झोपायचे, तेवढाच वेळ तिचा.

पाचव्या दिवशी तिने पंखा लावला, झाकण घट्ट बंद केलं आणि छोटा तुकडा कापून पाहिला. पंखा जोरात घोंघावत होता, पण खिडकीतून आतलं काही दिसेना. पेटी धुराने भरून गेली होती आणि नळीच्या जोडातून धुराची बारीक वाफ बाल्कनीत येत होती. तिने झटकन मशीन बंद केलं, स्वयंपाकघराचं दार लावलं. तरी पुढून चमचा वाजलाच.

ती गेली. ते उठून बसले होते. आता बोलणी खावी लागणार, असं तिला वाटलं.

"पंखा कुठं बसवलास?" त्यांनी विचारलं.

"पेटीत. कोपऱ्यात."

"म्हणजे पुढची सगळी नळी दाबात. जिथं फट सापडंल तिथून धूर बाहेर येणार." ते थांबले, दोन श्वास घेतले. "पंखा शेवटी ने. जाळीपाशी."

भिमाजी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात तीस वर्षं बॉयलरवर होते. त्यांच्या फुप्फुसांबद्दल घरात रोज बोलणं व्हायचं, पण त्या कामाबद्दल त्यांनी उज्वलाला कधी काही सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. त्या दुपारी ते अडखळत अडखळत सांगत राहिले. बॉयलरच्या पोटात केवढा जाळ असतो. पण चिमणीच्या बुडाशी मोठा पंखा असतो, तो सगळा धूर ओढून घेतो. त्यामुळे आतला दाब बाहेरपेक्षा जरा कमी राहतो. भिंतीला फट पडली तरी बाहेरची हवा आत जाते, आतला जाळ माणसाच्या अंगावर येत नाही. "तुझी नळी तशीच ओढीत ठेव. मग जोड ढिला असला तरी धूर तिथून बाहेर नाय यायचा."

"आणि पेटी? ती तर मी पूर्ण बंद केली आहे."

"तेच चुकलं. हवा आत आली नाय तर पंखा बाहेर काय फेकणार? समोरच्या फळीला खालून भोकं पाड."

सोळा वर्षं तिने धूळ आत न येणारी खोकी काढली होती. म्हणून हे खोकंही तिने तसंच केलं होतं. तिने वही आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी हवेची वाट दाखवणारे बाण काढले.

दुसऱ्या दिवशी पंखा जाळीपाशी गेला, समोरच्या फळीला भोकांची एक रांग पडली. लेझर बंद ठेवून नुसता पंखा चालवायचा होता, तेव्हा भिमाजींनी बघायला येण्याचा हट्ट धरला. त्यांची ऑक्सिजनची नळी सात मीटरची. ती जेमतेम स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचली. तिने गॅस बंद असल्याची खात्री केली आणि तिथे प्लास्टिकची खुर्ची टाकली. घरात उदबत्ती लावणं कधीच बंद झालं होतं, म्हणून त्यांनी शिवणाचा दोरा घ्यायला सांगितला. प्रत्येक जोडापाशी तिने तो दोरा धरला. सगळीकडे तो आतच ओढला गेला. एका ठिकाणी, झाकणाच्या डाव्या कोपऱ्यात, नुसता लोंबत राहिला.

"तिथली पट्टी दाबून बसव," ते खुर्चीतून म्हणाले. "आणि मशीन चालू असताना मी पलंगावर. बाल्कनीचं आणि स्वयंपाकघराचं, दोन्ही दारं लावून घ्यायची. ऑक्सिजन आणि आग, मधे दोन दारं पाहिजेत."

चोवीस पाट्या आठ दिवसांत झाल्या. मशीन चालू असताना ती बाल्कनीतून हलायची नाही. त्या आठ दिवसांत पुढच्या खोलीत धुराचा वास एकदाही आला नाही आणि भिमाजींचा आकडा ब्याण्णवच्या खाली उतरला नाही. ते रोज विचारायचे, "आज किती?" ती सांगायची. ते मान हलवायचे, कामाच्या एखाद्या पाळीचा हिशेब लागल्यासारखे.

रविवारी महेशने पेटी पाहिली. झाकण उघडून, लावून, हात फिरवून पाहिली. "एवढं भारी केलंस आणि बोलली नाहीस," तो म्हणाला. त्याला खरोखर कौतुक वाटत होतं. मग हात धुता धुता म्हणाला, "मग आता गाळा कशाला घ्यायचा? घरबसल्या होतंय की. त्या बाईंना मी कळवतो, नको म्हणून."

उज्वला ओट्यापाशी उभी होती. गाळा धुरासाठी घ्यायचा होता. धूर तिने स्वतःच मिटवला होता. आता कोणत्या तोंडाने मागायचा? महेशने जेवण व्हायच्या आत फोन केलासुद्धा.

पुढचे तीन आठवडे तिने काम केलं. बाहेरगावाहून मागण्या आल्या, लहान मुलांच्या नावांच्या, दुकानांच्या. पेटी चालायची, दोन दारं बंद असायची, तिच्यासमोर अडीच फुटांची जागा आणि जाळीपलीकडे समोरच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप. पूर्वी भाजी आणायला जायची तेव्हा गल्लीच्या टोकापर्यंत तरी तिला मोकळं वाटायचं. आता तेवढा वेळही कापण्यात जायचा. भाजी मोबाइलवरून यायची.

एका मंगळवारी ती हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जाळीपाशी उभी राहिली. नळीवरची पट्टी पंख्यापाशी दोन आटे ढिली केली, पंख्याचं तोंड जरा आत वळवलं, तर पुरे होतं. थोडाच धूर आत गेला असता. एकदाच. महेश म्हणाला असता, राहू दे, गाळाच बरा. तिने स्क्रू-ड्रायव्हर खाचेत बसवला आणि एक आटा फिरवलाही. पलीकडून भिमाजींचा नेहमीचा कोरडा खोकला ऐकू आला. तिने आटा परत आवळला आणि वॉशिंग मशीनला टेकून खाली बसली. आपण काय करायला निघालो होतो, हे तिला तेव्हा कुठे नीट दिसलं.

थोड्या वेळाने ती पुढच्या खोलीत गेली आणि त्यांच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसली.

"अण्णा, मला या घरात कोंडल्यासारखं होतं."

त्यांनी छताकडे पाहिलं. "मलाबी," ते म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "ती भागीबाई का नाय आली परत?"

"पेटी चांगली झाली म्हणून."

त्यांना ते समजायला एक क्षण लागला. "असं व्हय," ते हळूच म्हणाले आणि कॅलेंडरकडे तोंड वळवलं.

त्या संध्याकाळी महेश बूट काढत असतानाच तिने सांगितलं. "मला आठवड्यातून दोन दिवस बाहेर जायचंय. दहा ते पाच. भागीबाईंना मी फोन केलाय."

"कुठे जायचंय?"

"ते ठरलं नाही."

"मग कशासाठी?"

"बाहेर जायचंय म्हणून," ती म्हणाली.

महेशने वडिलांकडे पाहिलं. भिमाजींनी पेपर वर धरला होता. "येऊ दे बाईला," ते पेपराआडून म्हणाले. महेश म्हणाला, दोन दिवस जास्त होतात, आधी एक दिवस करून बघू. उज्वलाने ते मान्य केलं.

मंगळवार ठरला. पहिल्या मंगळवारी ती बसने अंबडला, आपल्या जुन्या कारखान्यात स्नेहाकडे गेली. तिची जुनी खुर्ची आता दुसऱ्या कोणाची होती. स्नेहा कामात होती. उज्वलाने तिच्या शेजारी स्टुलावर बसून दोन ड्रॉइंग तपासली, एकात वाकवणीचं माप चुकलेलं दाखवलं, कॅन्टीनमध्ये वडा खाल्ला. दर पंधरा मिनिटांनी फोन पाहिला. फोन आला नाही. पावणेचारलाच ती परतीच्या बसमध्ये बसली होती.

घरी भागीबाई चहा पीत होती. "लय बोलत्यात तुमचे सासरे," ती म्हणाली. "जेवले बी चांगले. दोन भाकरी खाल्ल्या. तुम्ही का आल्या एवढ्या लवकर?"

भिमाजी शांत झोपले होते. तिच्या हातून ते कधी दीड भाकरीच्या वर गेले नव्हते. उज्वला पर्स खांद्यावर तशीच ठेवून दारात उभी राहिली. तिला हलकं वाटलं आणि त्याच वेळी काहीतरी टोचलंही. त्यातलं खरं कोणतं, ते तिला सांगता आलं नसतं. बुधवारी सकाळी अकराला मशीन चालू करायला तिने पुन्हा दोन्ही दारं लावून घेतली.

पुढच्या मंगळवारी भागीबाई साडेनऊलाच आली. उज्वला तोवर चपला घालून जिन्यात उभी होती.