निर्मलाची गाडी आणि माझी किळस

सचिनचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "मावशी, आई गेली," एवढंच तो म्हणाला, आणि मी विचारलं, "नाश्ता केला होता का तिनं?" माणूस अशा वेळी काय विचारेल याचा नेम नाही... अमरावतीहून अकोल्याला पोचेपर्यंत दुपार झाली. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. तिचे एक चुलत दीर कुणाला तरी सांगत होते, "किडनीचं दुखनं वाईटच राहते. आता नशिबाले काय करता?" ते कानावर पडलं आणि मला रडू येण्याऐवजी शिसारी आली. त्याला दीड महिना होऊन गेला, ती शिसारी अजून गेलेली नाही. गेलेल्या माणसाबद्दल हळुवार लिहावं अशी रीत आहे. मला ते साधेल असं वाटत नाही. निर्मला गावंडेचं दुखणं नशिबातून आलेलं नव्हतं. ते कुठून आलं हे मला ठाऊक आहे, कारण सतरा वर्षं मी तिच्या शेजारच्या वर्गात शिकवत होते.

आमची शाळा दर्यापूरच्या पुढे, काळ्या मातीतल्या एका गावात. सकाळी अमरावतीहून बस, मग दर्यापुरातून काळी-पिवळी जीप, पावसाळ्यात शेवटचा तुकडा चिखल तुडवत. निर्मला तेव्हा अमरावतीलाच राहायची. ती शेतकऱ्याघरची, आवाज खणखणीत, मी भटा-बामणाच्या घरातली, हळू बोलणारी. जीपमध्ये एकमेकींच्या मांडीवर बसून गेलेल्या बायकांची मैत्री व्हायला वेळ लागत नाही. शाळेला बायकांसाठी संडास नव्हता. म्हणजे कागदावर होता. पत्र्याच्या त्या खोलीवर गुलाबी रंगात 'मुलींसाठी' असं लिहिलेलं होतं आणि आत मुख्याध्यापकांच्या ओळखीच्या कुणाचं तरी कुटार, म्हणजे गुरांचा भुसा, भरलेलं असायचं. तपासणी आली की बाहेरून रंग मारायचा, दाराचा फोटो काढायचा. निर्मलानं एकदा तपासणीच्या साहेबांच्या देखत ते दार उघडलं, तर भसकन कुटार त्यांच्या बुटांवर आलं. साहेब बूट झटकत म्हणाले, "मॅडम, थोडं अॅडजस्ट करा." आम्ही अॅडजस्ट केलं. सकाळी घर सोडल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत पाणी प्यायचं नाही, हा आमचा नियम झाला. एप्रिलच्या उन्हातसुद्धा. माझं कसं कोण जाणे, निभावलं. तिला वर्षातून चार-चार वेळा लघवीची जळजळ, ताप, गोळ्या... आणि तापातून उठून पुन्हा तीच जीप.

निवृत्त झाल्यावर ती मुलाकडे, अकोल्याला गेली. नवरा आधीच गेलेला. दोन वर्षांत पायांवर सूज दिसू लागली आणि तपासण्यांत कळलं की दोन्ही किडन्या निम्म्याहून अधिक कामातून गेल्या आहेत. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी विचारलं, "काकू, इतकी वर्षं पाणी का पीत नव्हता?" निर्मला हसायलाच लागली. तिनं मला नंतर सांगितलं, "त्या पोराले काय सांगू वं? त्याच्या दवाखान्यातला संडास तरी उघडा होता काय? त्यालेबी कुलूप!"

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. सांगतील तेवढं पाणी वेळच्या वेळी प्यायचं, आणि लघवी रोखायची नाही. या दोन वाक्यांवर तिनं आपला बेत उभा केला. तिला समुद्र पाहायचा होता. एका दिवसाची सहल नको, कोकणातून खाली उतरत, मनाला येईल तिथे गाडीतच मुक्काम करत, सहा महिने. पंचावन्नाव्या वर्षी ती गाडी चालवायला शिकली होती. सोबत मी असणार हे तिनं मला न विचारताच ठरवलं होतं. "तू सोयंपाक कर, मी गाडी हाकतो," असं तिचं वाटप. सचिन म्हणाला, "आई, हॉटेलं आहेत ना." ती म्हणाली, "हॉटेल संध्याकायी येते बाबू. मले दुपारी लागते."

मग गाड्या पाहणं सुरू झालं. पहिली परतवाड्याला. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या एका गृहस्थांनी शाळेची जुनी व्हॅन राहण्याजोगी करून घेतली होती. दुमडणारा लाकडी पलंग, दोन शेगड्या, पाण्याची टाकी, खिडक्यांना निळे पडदे. रंग उडालेला, पण इंजिन ठणठणीत. कुठल्याही गल्लीत शिरेल, कुठलाही मेकॅनिक दुरुस्त करेल अशी. निर्मला पलंगावर आडवी झाली ती उठेचना. संडास मात्र नव्हता. गृहस्थ म्हणाले, "आपण काय, जंगलात कुठंही जाऊन येतो." ती पडल्या पडल्याच म्हणाली, "तुमी जाता हो."

दुसरी गाडी नागपूरला. चकचकीत मोटरहोम, ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं. टाय लावलेल्या मुलानं आधी टीव्ही दाखवला, मग रंग बदलणारे दिवे, मग थंडगार एसी लावून आम्हाला सोफ्यावर बसवलं. निर्मला म्हणाली, "संडास पाहू." तो घुटमळला. दार उघडलं तर आत जाहिरातींच्या पुस्तिकांचे खोके. "मॅम, हे लोक शक्यतो वापरत नाहीत. वास येतो ना. इमर्जन्सीसाठी आहे."

"आन् वापरला तं? रिकामं कोन करते?"

"ड्रायव्हर करतो, मॅम. नाहीतर कोणी सफाईवाला बोलावून घ्यायचा, कुठेही मिळतो."

निर्मला उठून उभी राहिली. पायऱ्या उतरताना तिनं माझ्या खांद्यावर हात टेकला. परतीच्या वाटेवर तळेगावला तिनं चहा घेतला. मग म्हणाली, "जुनीच घेतो. त्याच्यात डबा बसवतो. माही घान मी धुईन. त्याच्यासाठी मानूस बोलवायचा म्हंजे काय वं? अशानंच तं सारं सडलं."

इथे मला माझ्याबद्दल लिहायचं आहे, आणि तेच सगळ्यांत जड जातं. मला मोटरहोमच हवं होतं. रस्त्यावर ते मोठं धूड अडेल, ते तिला झेपणार नाही, हे मला दिसत होतं. तरी मी त्याच्याच बाजूनं बोलत राहिले. गादी मऊ आहे, एसी आहे, तुझ्या तब्येतीला बरं... खरं कारण एवढंच की मोटरहोममधली घाण दुसरं कुणीतरी उपसणार होतं. व्हॅनमध्ये दोघी आलटून पालटून उपसणार. शेवटी तिनं सरळ विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "निर्मला, ते काम माझ्याच्यानं होणार नाही. मला किळस येते."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "त्या कुटाराच्या खोलीची नाई आली तुले किळस," एवढंच म्हणाली.

तिनं परतवाड्याची व्हॅन घेतली आणि अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून तिच्यात संडास बसवून घेतला. व्हॅनच्या मागच्या कोपऱ्यात कपाटाएवढी जागा, त्यात बैठक, आणि खाली बाहेर ओढून काढता येणारा झाकणाचा डबा. गाडी तयार झाल्यावर तिनं आठ महिने माझी वाट पाहिली. मी आधी गुडघा सांगितला, मग नातवाची परीक्षा, मग उन्हाळा. शेवटी ती एकटीच निघाली. सहा महिन्यांची हिंमत आता तिच्यात उरली नव्हती, एकोणीस दिवसांनी परतली. पण वाटेवरून रोज फोन यायचा. पेट्रोल पंपावरच्या संडासात डबा रिकामा करायला गेली की आधी तिला तो संडासच धुवावा लागायचा, इतका तो घाण असायचा. शिव्या देत धुवायची. आणि एका संध्याकाळी किनाऱ्यावरून बोलली, मागे लाटा ऐकू येत होत्या. "वसू, आज मी दुपारी, रस्त्यावर, गाडी थांबवून गिलासभर पानी पेली. घटाघटा. जिंदगीत पयल्यांदा, बाप्पा!" मी म्हणाले, "पुढच्या खेपेला मी येते, नक्की. दिवाळी होऊ दे."

दिवाळीनंतर तिचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीन दिवस सुईला बांधलेल्या बाईला कुठली सहल... आता दिवसाला पाणी किती प्यायचं तेही मोजून मिळू लागलं. मी शेवटची भेटायला गेले तेव्हा ती बर्फाचा खडा चघळत होती. डोळे मिटूनच म्हणाली, "समुद्र खारट हाये वं. पन पाहून ये." मी मान हलवली. ती पाहत नव्हती हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

तेरवीला जेवणं आटोपल्यावर पुरुष मंडळी गाडीभोवती जमली. एकजण आत डोकावून म्हणाला, "गावंडेबाई संडास घेऊन फिरत होत्या म्हनते!" बाकीचे हसले. तेच चुलत दीरही हसले. तोंडात लाडू होता त्यांच्या. सचिन मान खाली घालून उभा होता. एका रिसॉर्टवाल्यानं गाडी मागितली होती, अंगणात शोभेला ठेवायला. मात्र तो डबा आधी काढून द्या, अशी त्याची अट. "मावशी, सकाळी एक माणूस बोलावतो काढायला," सचिन नाकावर रुमाल धरून म्हणाला. मी त्याला म्हटलं, "रुमाल खाली घे. मी काढते."

सगळे पांगल्यावर मी आत शिरले. वास नव्हताच. डबा घासून, उन्हात वाळवून, झाकण उलटं करून ठेवलेला, आत कापराची एक वडी. शेवटचा धुतला तेव्हा तिच्या हातांत किती बळ असेल? मी दार लावलं, आणि जे काम करायला ती जागा होती ते केलं. मग डबा ओढून काढला, घरातल्या संडासात रिकामा केला, दोन बादल्या पाण्यानं घासला, हात धुतले. सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नाहीत.

गाडी रिसॉर्टवाल्यानं नेली. डबा मी अमरावतीला आणला, माझ्या गॅलरीत ठेवला आहे. येणारे-जाणारे विचारतात, हे काय? मी काय ते सांगते. निर्मलाचं नाव घेऊन सांगते, शाळेचं आणि त्या गुलाबी अक्षरांचंही. बहुतेकांचा चहा मग कपातच राहतो. मी तो गरम करून देत नाही.