पिवळ्यावर पांढरा

मिस्त्रींना खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं एकेक करत गेली आणि मग मागे 'मिस्त्री' एवढंच उरलं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या भिंतींना गिलावा केला. कुठल्याही गल्लीतून जाताना ते भिंतीवरून उलटा हात फिरवत चालायचे आणि मध्येच सांगायचे, "ही माझी." जरा पुढे गेल्यावर, "ही कुणा गाढवाची." पुढे उजव्या हाताला कंप सुटला. थापीवरचा माल भिंतीवर जायच्या आधी बुटावर पडायला लागला, तेव्हा त्यांनी आपणहून काम सोडलं. "भिंतीनं हाकलण्याआधी आपण निघालेलं बरं," म्हणाले.

पण घरी बसलेला गवंडी म्हणजे बायकोच्या डोक्याला ताप. स्वयंपाकघरातली फळी वाकडी आहे हे त्यांना अठ्ठावीस वर्षांनी दिसलं. एकदा तर बायको कपडे वाळत घालत असताना ते दोरीच्या खांबाला ओळंबा लावून बघत होते. शेवटी तिनं त्यांच्या जुन्या सोबत्याला, सुताराला, गाठलं. "भाऊ, यांच्या हाताला काहीतरी काम द्या हो. नाहीतर मला तरी कुठेतरी नेऊन सोडा."

सुतार दोन दिवसांनी एक बाहुलीघर घेऊन आला. कुणीतरी सांगून करून घेतलेलं आणि न्यायला कधीच न आलेलं. गुडघ्याएवढं उंच, प्लायवूडचं, उतरतं छप्पर, पुढे पडवी, चार खिडक्या. बाहेरून नुसतं उघडं लाकूड.

"बाहुल्यांच्या घराला मी गिलावा करू?" मिस्त्री म्हणाले. "अजून एवढे वाईट दिवस आले नाहीत."

बायको हात पुसत बाहेर आली, घराकडे बघितलं आणि जमिनीवर मांडीच घातली.

"अहो," ती म्हणाली, "हे तर हुबेहूब आमचं माहेरचं, शेतावरचं घर आहे."

मिस्त्रींनी चष्मा लावला. पडवी तशीच होती. छपराचा उतार तसाच. त्या घराशी त्यांचीही जुनी ओळख होती. बाविसाव्या वर्षी ते तिथे पश्चिमेच्या भिंतीला गिलावा करायला गेले होते. चार दिवसांचं काम अकरा दिवस चाललं, कारण त्या घरातली थोरली मुलगी दर तासाला पाणी हवंय का विचारायला यायची. पुढे तीच लग्न होऊन मिस्त्रींच्या घरी आली.

शेतावरचं घर आता राहिलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावानं ते विकलं आणि घेणाऱ्यानं पाडून तिथे गोदाम बांधलं. भावाची कारणं खरी होती, हे तिलाही कळत होतं. तिचं दुखणं वेगळं होतं. विकायच्या आधी त्यानं एका शब्दानं तरी विचारायला हवं होतं. तेव्हापासून "बरा आहेस ना?" "बरा आहे" यापलीकडे बहीणभावांत बोलणं नव्हतं, आणि तेही फोनवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी माळ्यावरून पिशवी काढली. थापी, माल सारखा करायचा रंधा, छोटी चाळणी. बायकोनं खिडकीपाशी जुनी चादर अंथरून दिली.

पहिला प्रयत्न साफ फसला. नेहमीच्या वाळूचा माल लावला तर एकेक खडा खिडकीच्या गजाएवढा दिसायला लागला. "भिंतीला देवी आल्यात," बायको म्हणाली. वर ओल्या मालानं प्लायवूड फुगलं आणि कडेला वाकलं. ज्यानं आयुष्यभर "आधी भिंत तयार कर, मग माल लाव" असं हाताखालच्यांना सुनावलं, तोच घाईत चुकला. सगळं खरवडून, वजनाखाली दाबून, वाळवून त्यांनी लाकडाला आधी गोंदाचे दोन हात दिले. मग वाळू चहाच्या गाळणीतून चाळली, त्याच्याहून बारीक हवी म्हणून बायकोच्या जुन्या ओढणीतून चाळली आणि ती पांढऱ्या गोंदात कालवून दाट लापशीसारखी केली. थापी काही चालेना, हात हलायचा. मग दाढीचा राठ ब्रश घेऊन ते टोकानं टिपत गेले. टिपायला हलता हात चालत होता.

खऱ्या घराचा खालचा कंबरभर भाग दगडी होता. त्यासाठी अंड्यांच्या पुठ्ठ्याचे नखाएवढे तुकडे फाडून चिकटवले आणि मधल्या दर्जा, म्हणजे फटी, काडीनं भरल्या. फाडायचं काम बायकोनं घेतलं. "कात्रीनं नको," ती म्हणाली, "दगड काय कात्रीनं कापलेले असतात?" मिस्त्रींनी तिच्याकडे असं बघितलं, जणू म्हणत होते, हे आपल्याला आधी का सुचलं नाही.

पश्चिमेची भिंत त्यांनी सगळ्यात शेवटी केली, पट्टी लावून, आरशासारखी सरळ. बायकोनं वाकून पाहिलं.

"ही आमची नाही."

"का? काय कमी आहे?"

"खिडकीच्या डाव्या अंगाला पोट सुटलेलं होतं. हाताएवढं. पाहुणे आले की बाबा दाखवायचे. म्हणायचे, जावईबापूंचं लक्ष कुठे होतं त्याची ही खूण."

मिस्त्रींचे कान लाल झाले. त्या भिंतीबद्दल ते चाळीस वर्षं बढाया मारत आले होते. "मला कुणी सांगितलं नाही कधी," ते पुटपुटले.

"तुम्हाला कोण सांगणार? एवढा तोरा तुमचा!"

त्यांनी थोडा माल कालवला आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम भिंत बिघडवली.

आता रंग राहिला. इथे मात्र गाडी अडली. मिस्त्री म्हणत, घर पिवळं होतं. बायको म्हणे, पांढरं, दुधासारखं, वळणावरून दिसायचं.

"मी त्या भिंतीसमोर अकरा दिवस उभा होतो!"

"उभे होतात, पण बघत कुठे होतात?"

फोटो काढले तर सगळे काळे-पांढरे, आणि त्यांत माणसंच माणसं, भिंत नावाला. आठवडाभर घर तसंच कोरं उभं राहिलं. शेवटी ती भाजीला गेलेली असताना मिस्त्रींनी मेव्हण्याला फोन लावला. दरवर्षी वडिलांबरोबर शिडी धरून घराला रंग देणारा तोच होता. "तू ये," ते म्हणाले, "फोनवर नको. येऊन सांग."

रविवारी दारात तो उभा राहिला तेव्हा बहिणीनं क्षणभर ओळखलंच नाही. डोक्यावरचे केस गेले होते, खांदे उतरले होते.

"आलास?" ती म्हणाली. "आत ये. दारात काय उभा राहतोस?"

आत येऊन त्यानं घर पाहिलं आणि गुडघे टेकून खालीच बसला. एक बोट खिडकीतून आत घातलं. "ताई, ही बाबांची खोली." मग पश्चिमेच्या भिंतीवर हात फिरवला, फुगवट्यापाशी थांबला आणि मोठ्यानं हसला. "भाऊजी, हे तुम्ही केलंत?"

"दोनदा केलं," मिस्त्री म्हणाले. "बरं, ते राहू दे. पांढरं की पिवळं?"

"दोन्ही. आधी पिवळं होतं. चुन्यात पिवडी घालून. आईला तोच रंग लागायचा. ताईच्या लग्नानंतरच्या साली आई गेली, आणि मग बाबांनी पांढराच दिला, दरवर्षी. पिवळ्याला हात लावू दिला नाही."

"मी तिथेच वाढले," बहीण हळूच म्हणाली. "मग मला पिवळं कसं आठवत नाही?"

"आई गेल्यावर तू यायचीस ना, ताई, ते घर तुझ्या डोळ्यांत राहिलंय."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी नसलेल्या मोरीतला नळ बराच वेळ वाहत राहिला. मिस्त्रींनी उठू लागलेल्या मेव्हण्याला खुणेनंच बसवलं.

ती परत आली तेव्हा भाऊ सांगत होता, "पडवीत बाकामागे मात्र बाबांनी पांढरा कधीच दिला नाही. आई पाठ टेकून बसायची तेवढी जागा."

"तो चौकोन!" ती म्हणाली. "पिवळा चौकोन! तो होता रे, होता. मला इतकी वर्षं वाटायचं, बाबांचा रंग कमी पडला."

त्या दुपारी तिघं चादरीवर बसले. मिस्त्रींनी आधी सगळं घर पिवळं केलं. वाळल्यावर भावानं पांढऱ्याचा पातळ हात दिला, आणि बाकामागची जागा चिकटपट्टी लावून सोडली. मग झिजलेल्या काचकागदानं कोपरे, उंबऱ्याजवळचा भाग, खिडक्यांखालची जागा हलकेच घासली, तिथून आतला पिवळा दिसू लागला. बहीण सांगत होती: इथे जास्त, इथे सायकल टेकायची; इथे नको, इथे पाऊस लागायचा नाही. चिकटपट्टी तिनंच काढली.

घराच्या विक्रीबद्दल त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. निघताना भाऊ दारात घुटमळला. "ताई, तेव्हा मी तुला विचारायला..."

"विचारायला हवं होतंस," ती म्हणाली. आणि त्याची कॉलर सारखी करत म्हणाली, "पुढच्या रविवारी बायकोला घेऊन ये. नणंद-भावजयांनी काय फोनवरच म्हातारं व्हायचं?"

पुढच्या रविवारी दोघं आली. घर खिडकीत, उजेडाला मांडलेलं होतं. भावानं जाता जाता सहज म्हटलं, "विहीर राहिली की!"

"विहीर उजवीकडे होती," बहीण म्हणाली.

"डावीकडे, ताई. गोठ्याला लागून."

"तुला काय माहीत? पाणी मी ओढायची!"

मिस्त्रींनी मेव्हण्याच्या बायकोकडे बघितलं, तिनं मिस्त्रींकडे. बहीणभावांचे आवाज चढत असताना मिस्त्री उठले आणि अंड्यांचा रिकामा पुठ्ठा शोधायला लागले.