शिवणबाईंनी वाचलेले आवाज

शिवणबाई इतक्या हळू बोलत, की समोरचा आपोआप पुढे झुकायचा. पन्नाशीनंतर त्यांना ऐकू येणं कमी होत होत पार थांबलं होतं. "माझा आवाज मलाच कळत नाही. ओरडण्यापेक्षा पुटपुटलेलं बरं," म्हणत. शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या बाई कात्रजला आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहत. आम्ही कागदावर लिहायचो, त्या तोंडाने उत्तर द्यायच्या.

मी हिंजवडीला नोकरी करते. रविवारी सकाळी मागच्या टेकडीवर पाखरांचे आवाज टिपायचे आणि स्वतःच्या वेबसाइटवर ठेवायचे, हा माझा छंद. एकदा मोठ्या कौतुकाने मी ती वेबसाइट बाईंना दाखवली. काय दाखवतेय, कुणाला दाखवतेय, याचं भानच नव्हतं. धुक्यातल्या टेकडीचा फोटो, खाली पुसट राखाडी अक्षरांत तारीख आणि आवाजाची पट्टी. बाई बराच वेळ बघत राहिल्या. "छान. हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे जाते," म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच संध्याकाळी मी अक्षरं मोठी, काळीभोर केली आणि प्रत्येक आवाजाखाली 'पक्ष्यांचा किलबिलाट' असं लिहिलं. बाईंनी चष्मा सारखा केला. "दिसतंय आता. पण अगं, हे डब्यावर 'खाऊ' लिहिल्यासारखं झालं. आत काय आहे? लाडू की चिवडा?"

मग रविवारची दुपार आमची झाली. मी लिहायचे, त्या उसवायच्या. भारद्वाजाबद्दल मी 'गंभीर आवाज' लिहिलं, तर डोळे मिटून म्हणाल्या, "रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हळूच हूप, हूप म्हणतंय, असं ना? लहानपणी ऐकलाय मी." मी तसंच लिहिलं. शिंपी पक्ष्यावर त्यांचा विशेष जीव. "आमच्या धंद्यातला तो. एवढासा, पण गिऱ्हाईक हाकलल्यासारखा ओरडतो." कधी बोलता बोलता त्या थांबत. खोलीत त्यांना एकट्यांनाच काहीतरी ऐकू येतंय असं वाटे. मीही मग पेन खाली ठेवायचे. ऊन फरशीवरून सरकत भिंतीवर चढायचं.

गुडघे थकले तशी लेक त्यांना नाशिकला घेऊन गेली. तिथूनही निरोप यायचे. एकदा एवढाच आला: "बुलबुल 'गोड' बोलला म्हणजे काय? पुन्हा ऐक." मी पाच-सहा वेळा ऐकलं. मागे दूर घाटात एक ट्रक चढत होता. तो गिअर बदलायचा, बुलबुल थांबायचा, आवाज विरला की पुन्हा सुरू करायचा. मीच टिपलेलं, पण मला ते ऐकूच आलं नव्हतं.

गेल्या थंडीत बाई गेल्या. लेकीचा फोन आला. "शेवटी शेवटी आईला पेपरही नको असायचा," ती म्हणाली. "पण तुमचं पान मोबाईलवर समोर धरावं लागायचं. वाचता वाचता मध्येच हात वर करून मला थांबवायची. मी आपली तशीच धरून उभी. बऱ्याच वेळाने म्हणायची, हं, ऐकलं. सरकव पुढे."