वीणा पडली नाही

त्या दुपारी मी विठ्ठलावर मनापासून रागावले होते. पोलाद प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर २ मध्ये, आम्हा मराठी घरांचा सप्ताह चालू होता. सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही, एकाच्या गळ्यातून काढायची ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, असा कडक नेम. दोनचा पहारा माझ्या यजमानांचा होता, आणि हे खांबाला टेकून उभ्या-उभ्या चक्क घोरायला लागले!

प्लांटमध्ये हे क्रेनवर. वितळलेल्या पोलादाचं भांडं उचलायचं काम, खाली माणसं. एकदा तिथेही डुलकी लागली, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर. वीणेची सेवा केली की झोप उडेल, असा नवस मीच बोलले होते. आणि आता यांचा तोल गेला!

समोर बसलेले एक अनोळखी गृहस्थ झेपावले आणि त्यांनी यांना वीणेसकट सावरलं. मग वीणा स्वतःच्या गळ्यात घालून उरलेला पहारा मुकाट्याने पुरा केला. ते नागपूरचे छातीचे डॉक्टर, जवळच्याच स्मृती नगरला मुलीकडे आलेले, हे नंतर कळलं. पहारा संपताच त्यांनी मला विचारलं,

"ताई, रात्री घोरता घोरता यांचा श्वास मधीच थांबते का?"

"थांबते ना! तेव्हाच तर मले झोप लागते," मी बोलून गेले, आणि अंगावर काटाच आला. ज्या शांततेत मी निवांत झोपत होते, त्यात हे गुदमरत होते!

त्यांच्याच चिठ्ठीवर मुंबईला तपासणी झाली, मशीन आलं. नाकावर मुखवटा, त्यातून दाबाने हवा, म्हणजे झोपेत घसा मिटत नाही. पहिले काही दिवस यांनी तो ओढून फेकला, मी पुन्हा बांधला. मग एका सकाळी हे ओरडतच उठले, "अवं, मले स्वप्न पडलं! किती वर्षांनी पडलं!" मी आनंदाने रडले. मशीन रोज लावावं लागतं, पण दिवसाची झोप गेली ती गेलीच. डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं, तेव्हा तपासणीनंतर काढून घेतलेली क्रेनही परत मिळाली.

पुढच्या सप्ताहात दोनचा पहारा पुन्हा यांचाच. लक्ष ठेवायला म्हणून मी समोर बसले, आणि मलाच डुलकी लागली. दचकून उठले तर वीणा वाजतच होती.

"झोप वं," हे हसले. "मी जागाच आहो."

देवाजवळ मी यांची झोप उडव म्हणून हट्ट धरला होता. त्याने माझं ऐकलं नाही, यांना झोप दिली. पांडुरंगा, आता काय द्यायचं ते तूच ठरव. मी हात जोडले आणि पुन्हा डोळे मिटले.