मावशी आणि पत्र्याचा रंग

जगात एकूण जेवढी काळजी असेल तिच्यातला निम्मा वाटा परळीतल्या माझ्या घरमालकीणबाईंनी एकट्यांनी उचलला होता, आणि उरलेला निम्मा बाकीच्यांना नीट करता येत नाही, याचीही त्यांना काळजी होती. मी शिक्षिका म्हणून बदलून परळीला आले तेव्हा रेल्वे स्टेशनच्या मागच्या वस्तीत त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सामान उतरतंय न उतरतंय तोच त्या चहाचा कप घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि नाव, गाव, लग्न झालंय का, यातलं काहीही विचारायच्या आधी म्हणाल्या, "मॅडम, गॅसची नळी कवा बदललीय?" मला सांगता येईना. त्यांनी कप माझ्या हातात दिला, आत गेल्या, नळी वाकवून, हुंगून बघितली आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून नवी आणून बसवूनच शांत झाल्या. शांत म्हणजे त्या नळीपुरत्या शांत.

मी त्यांना मावशी म्हणू लागले. किडकिडीत अंगकाठी, साठीच्या आसपासचं वय, आणि पदर कायम कमरेला खोचलेला, जणू कोणत्याही क्षणी धावत सुटावं लागेल. माझी शाळा गल्लीच्या कोपऱ्यावरून दिसायची, तरी पोचल्यावर फोन करावा लागे. एकदा विसरले तर त्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या, मला वर्गात शिकवताना खिडकीतून पाहिलं आणि काही न बोलता परत गेल्या. स्टेशन जवळ असल्यामुळे गाड्यांची घोषणा घरात ऐकू यायची. एखादी गाडी उशिरा येणार म्हटलं की मावशींचा जीव कासावीस व्हायचा. त्या गाडीत त्यांचं कोणीही नसायचं. मी तसं म्हटल्यावर त्या माझ्याकडे दयेने बघत म्हणाल्या, "कुणाचं तरी आसंल की गं!"

त्यांचे यजमान, म्हणजे काका, याच्या अगदी उलट. वीज केंद्रात फिटर होते, आता निवृत्त. त्यांना कशाबद्दलही विचारलं की ते "बघू" म्हणायचे. नळ गळतोय, बघू. पाहुणे येणार आहेत, बघू. मावशींनी दिवसभर जमवलेली सगळी काळजी या एका शब्दावर आपटून खाली पडायची, आणि त्या ती पुन्हा गोळा करायच्या.

या सगळ्या काळज्यांची राणी म्हणजे घरावरचे पत्रे. काकांनी नोकरीला नवीन असताना, मित्रांना हाताशी धरून, ते स्वतः टाकलेले. लोखंडी अँगल त्यांनीच कापले, हुक त्यांनीच आवळले आणि दर काही वर्षांनी रंगही त्यांनीच दिला. पण शेवटचा रंग देऊन आता बराच काळ लोटला होता. वीज केंद्राच्या धुराड्यांतून पडणारी राख आणि पाऊस यांनी मिळून तो खाल्ला होता, आणि पत्र्यावर गंजाचे चट्टे उठले होते. पाऊस पडून गेला की भिंतीवरून तपकिरी ओघळ उतरायचे. माझ्या पलंगाच्या बरोबर वर भाकरीएवढा एक चट्टा होता, तो महिन्यागणिक वाढतोय की मलाच तसं वाटतंय, हे कळत नसे. मावशींबरोबर राहून मलाही त्यांचा गुण लागायला लागला होता.

त्यात वाऱ्याचं त्यांना फार भय. त्यांचं माहेर चकलांब्याचं. तिथे लहानपणी वावटळीत एका गोठ्याचा पत्रा उडून बाभळीत जाऊन अडकलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. खाली माणूस असता तर, या विचाराने त्या अजूनही बोलता बोलता थांबायच्या. त्यामुळे काकांच्या हुकांवर त्यांचा भरवसा नव्हता. प्रत्येक वादळानंतर पत्र्यावर एकेक दगड वाढत गेला होता. "आता वाऱ्यानं उडायचा न्हाई," काका एकदा म्हणाले होते, "पर दगडानं खाली बसंल एक दिस." ती नवी काळजी मावशींनी ताबडतोब ठेवून घेतली. मात्र दगड एकही कमी केला नाही.

"यंदा रंग मारून घेतो," असं काकांनी म्हटलं की मावशींकडे उत्तर तयार असे. थंडीत म्हणायच्या, "दंव पडायलंय, रंग वाळायचा न्हाई." उन्हाळ्यात, "पत्रा तव्यावानी तापलाय, पाय भाजतील." पावसाळ्याचं तर बोलायलाच नको. दिवाळीच्या सुमाराला सगळं ठीक असायचं, तेव्हा सणासुदीला घराला शिडी लावू नये असा एक नियम निघाला, जो त्यांच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हता. शिवाय रंगाआधी गंज खरवडावा लागतो. "गंजानंच तर धरून ठिवलंय त्याला," त्या म्हणायच्या, "खरवडला की नुसती चाळणी राहील." काका "बघू" म्हणत ब्रश परत माळ्यावर टाकायचे. वाद तिथेच मिटायचा आणि पत्रा आणखी एक वर्ष गंजायचा.

मग निदान रंग तरी ठरवून ठेवू, असं मी सुचवलं. ती माझी चूकच झाली. लाल दिला तर घर एका पक्षाचं वाटेल, निळा दिला तर दुसऱ्याचं, हिरवा दिला तर तिसऱ्याचं. "मंग इलेक्शनला कोण चहाला येऊन बसंल अन् कोण यायचं बंद हुईल, सांगता येतं का?" चंदेरी द्या म्हटलं, त्यावर कुणाचाच हक्क नाही. मावशींनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मला अडवून म्हणाल्या, "मॅडम, उन्हात चंदेरी पत्रा लई चमकतो. पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर वरून चाललं अन् त्या चालवणाऱ्याच्या डोळ्यावर तिरीप आली तर?" मला हसू आवरेना. त्या मात्र हसत नव्हत्या. आपल्या घरावर पडलेलं हेलिकॉप्टर त्यांना स्पष्ट दिसत होतं.

मार्चमध्ये शाळा सकाळची झाली, दुपार मोकळी मिळू लागली. शाळेची भिंत रंगवायला आलेल्या पेंटरचं काम चांगलं वाटलं म्हणून मी त्याचा नंबर घेतला आणि मावशींना सांगायला स्वयंपाकघरात गेले. त्या भाकरी थापत होत्या. काकांना आता स्वतः चढायची गरजच नाही, पेंटर आहे, असं मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. मावशींचे हात थांबले. दारातून बाहेर बघून काका ओट्यावर असल्याची त्यांनी खात्री करून घेतली.

"पेंटर आणला तर हे खाली बसतील व्हय?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "'असं न्हाई रे, असं,' म्हणत पयले वर जातील. तीन-चार वर्सांमागं श्रावणात वैजनाथाच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन बसले. लोकांला म्हणाले, चप्पल अडकली. मी मागंच व्हते. चप्पल माझ्या हातात व्हती."

म्हणजे दंव, तापलेला पत्रा, सणाची शिडी, पक्ष आणि हेलिकॉप्टर, सगळं खोटं नव्हतं, पण सगळ्यांच्या मागे एकच भीती उभी होती. "मग त्यांना सरळ सांगा ना, चढू नका म्हणून," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते. "काय म्हणू? तुमच्यानं हुईना आता, म्हणू? त्यांनी टाकलेल्या पत्र्याखाली बसून?"

तव्यावरची भाकरी करपली. ती त्यांनी करपू दिली, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते मला कळलं.

शेवटी काकांना दोन दिवस घराबाहेर काढायचं आणि त्यांच्या माघारी रंग उरकायचा, असा कट ठरला. मावशींनी चकलांब्याला भावाला फोन लावला आणि विहिरीची मोटर बिघडली म्हणून मेहुण्यांना बोलावून घ्यायला सांगितलं. पलीकडून भाऊ ओरडलेला मलाही ऐकू आला, "अगं पर मोटर चांगली हाय!" मावशी तितक्याच जोरात म्हणाल्या, "मंग बिघडव की जराशी!"

मोटर म्हटल्यावर काकांच्या चेहऱ्यावर तरतरी आली. पाने-पकडीची पिशवी घेऊन ते सकाळच्या एसटीने निघाले. मावशींची मात्र दुहेरी पंचाईत झाली. छपरावरून पडणारा माणूस वाचवला, पण तोच आता बीडला गाडी बदलून एकटा गेवराईकडे, पार चकलांब्याला चालला होता. त्यांनी कंडक्टरला बजावलं, "झोपले तर उठवा बरं का." आणि घरी येऊन पाहतात तर पेंटर शिडी लावून तयार.

आधी दगड उतरले. मावशींनी ते भिंतीशी ओळीने मांडून ठेवले, न जाणो लगेच परत चढवावे लागले तर. मग खरवडायला सुरुवात झाली. प्रत्येक आवाजाबरोबर त्यांचे खांदे वर जायचे. दोन ठिकाणी पोपडा सुटला आणि माझ्या खोलीत उन्हाचे दोन कवडसे पडले. "बघितलं? मी म्हणत न्हवते?" त्या म्हणाल्या. आपलं भाकीत खरं ठरल्याचा आनंद त्यांना घेता येत नव्हता आणि दुःखही पुरतं करता येत नव्हतं. पेंटरने त्या भोकांवर डांबरी पट्टी चिकटवली.

दुपार कलल्यावर आभाळ एकाएकी मातकट झालं. आधी राखेचा लोट गल्लीतून फिरला आणि मागोमाग वारा आला. दगड खाली, पत्रे उघडे, पेंटर वर. कडेचा पत्रा थडथड वाजू लागला. "मावशी, उतरू का?" तो ओरडला.

"तिथंच पड पालथा!" मावशी किंचाळल्या. "तुझं वजन हाय पत्र्यावर!"

तो खरंच पालथा पडला. पुढच्याच क्षणी मावशींचा चेहरा पांढराफटक झाला. आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा उमगलं. "नको, नको! उतर आधी! जाऊ दे पत्रा, उडू दे! तुझ्या घरी कोण कोण हाय रे?"

"आई हाय, बायको हाय," तो शिडी चाचपत म्हणाला.

"मंग मुकाट्यानं खाली ये!" त्यांनी शिडी घट्ट धरली, मी त्यांना धरलं, आणि तो खाली टेकल्यावर त्यांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. आम्ही तिघं समोरच्या घराच्या पोर्चमध्ये जाऊन उभे राहिलो. पत्रा उचलला जायचा, आपटायचा, पुन्हा उचलला जायचा. माझं पुस्तकांचं कपाट त्याच्याखाली होतं, पण मला तेव्हा त्याचं काही वाटेना. मी मावशींकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हता. एवढा वेळ गप्प राहिलेल्या मावशी मी कधी पाहिल्या नव्हत्या.

वारा पडला तेव्हा पत्रे जागेवर होते. मावशी घराभोवती एक चक्कर मारून आल्या आणि कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हुक चांगले आवळलेत माणसानं."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पत्र्याला गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साईडचा पहिला हात बसला. आता वरचा रंग कोणता, म्हणून पेंटर विचारत होता आणि मावशी घाम पुसत होत्या, एवढ्यात काका वांग्यांची पिशवी घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे. पेंटर ब्रश धरून जागच्या जागी थिजला.

"मोटरीची वायर सुटली व्हती," काका जवळ येत म्हणाले. "मुद्दाम सोडल्यावानी." मग त्यांनी वर पाहिलं. भिंतीशी मांडलेले दगड पाहिले. "माझ्या माघारी?"

"तुमी वर गेला असता," मावशी म्हणाल्या.

मला वाटलं, आता हा शांत माणूस आयुष्यात पहिल्यांदा रागावणार. काकांनी पिशवी ओट्यावर ठेवली. "गेलतो," ते म्हणाले. "तीन-चार वर्सं झाली, पोळ्याच्या आधी तू बाजारात गेलतीस, तवा शिडी लावली. अर्ध्यावर गेलो अन् पाय लटलट कापाया लागले. वर जाववंना, खाली बघवंना. लई वेळ तसाच धरून व्हतो." त्यांनी धोतराच्या सोग्याने चेहरा पुसला. "तू कारणं काढायचीस ना, दंव हाय, वारा हाय. मला लई बरं वाटायचं. म्हणायचो, चला, यंदा बी सुटलो."

मावशी इतकी वर्षं ज्याच्यापासून लपवत होत्या, तोही त्यांच्यापासून तेच लपवत होता. मला वाटलं, त्या आता रडतील. पण त्या उसळून म्हणाल्या, "मला सांगितलं कावून न्हाई? त्या दिवशी शिडीवरून पडला असता म्हंजे? घरात कुणी न्हवतं!" आणि कधीच्या काळी न पडलेल्या काकांची काळजी त्यांनी भर गल्लीत सुरू केली. काका निमूट ऐकून घेत होते. मधेच पेंटरकडे बघून त्यांनी सांगितलं, "राखाडी दे. राख पडली तरी दिसायची न्हाई." आमचा एवढा घोळ त्यांनी एका दमात संपवला.

रंग पुरा झाला त्या संध्याकाळी काकांना तो वरून बघायची इच्छा झाली. शेजाऱ्यांचं घर स्लॅबचं. त्यांनी गच्चीवर या म्हटलं, पण जिन्याला कठडा नव्हता. काका पहिल्या पायरीशी थांबले आणि भिंतीवर हात टेकून वर बघत राहिले. मावशी पुढे झाल्या. "मला भ्या वाटायलंय," त्या म्हणाल्या, "हात धरा माझा." काकांनी लगबगीने त्यांचा हात धरला आणि "सावकाश ये, मी हाय ना," म्हणत त्यांना जपून वर नेलं. मी मागून चढत होते. कोण कुणाच्या आधाराने चढतंय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

गच्चीवरून मावशींनी आपलं छप्पर आयुष्यात पहिल्यांदा वरून पाहिलं. राखाडी पत्रे उतरत्या उन्हात एकसारखे दिसत होते, एकही दगड नसलेले. वारा थोडा होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, आता कोणती काळजी निघते म्हणून. काकांचा हात त्यांनी अजून सोडला नव्हता. "छान दिसायलंय," त्या म्हणाल्या. मी त्यांच्याकडे राहिले तेवढ्या काळात त्यांनी एखाद्या गोष्टीला नुसतं छान म्हटलेलं ऐकलं, ते तेवढंच.