पाणी कुणी टाकलं

दामेलीचं तोंड फटकळ होतं, आणि मॅग्नेशियमच्या कारखान्यात तसंच तोंड लागतं. अल्ताईच्या पायथ्याशी, आमच्या गावच्या कारखान्यात, नव्या माणसांना आगीचे धडे तीच द्यायची. धातूचा चिमूटभर कीस पेटवायची आणि लांब दांड्याच्या पळीनं त्यावर पाण्याचे चार थेंब टाकायची. पांढरा भडका उठे, भलेभले मागे उड्या मारत.

"बघितलंत? हा धातू इतका हावरा, की पाण्यातला ऑक्सिजनसुद्धा ओरबाडून घेतो. उरलेला हायड्रोजन वर आणखी पेटतो. आगीवर पाणी टाकायला तुम्हाला आईनं शिकवलं ना? ते विसरा. इथं कोरडी वाळू!"

तिचा नवरा सेइलखान तिथंच ओतकाम करायचा. थंडीत कोळसा पटकन पेटावा म्हणून तो खिशातून कीस घरी आणी. आमच्याकडे सगळेच आणत. दामेली आधी कटकट करी, मग त्याच शेगडीवर हात शेकत बसे.

एका सकाळी घरच्या गोठ्याशेजारी ठेवलेल्या किसाच्या डब्यात ठिणगी पडली. सेइलखान डबा बाहेर फेकायला धावला, तर पेटता कीस त्याच्याच कोटावर सांडला. दामेली गाईसाठी पाण्याची बादली घेऊन येत होती. त्याची किंकाळी ऐकली आणि तिनं ती अख्खी बादली त्याच्यावर रिकामी केली. वीस वर्षांचा धडा हातांना आठवलाच नाही.

तो तीन दिवस जगला. भेटायला येईल त्याला सांगत राहिला, "मीच मूर्ख. मीच पाणी ओतून घेतलं." दामेली तोंड उघडू लागली की डोळ्यांनीच तिला दटावी. ती गप्प राहिली. तेवढं तिचं चुकलंच.

मग कारखाना हसू लागला. "बायको मास्तरीण, आणि नवरा असा ढ!" दर शुक्रवारी ती त्याच्या नावानं सात शेल्पेक, म्हणजे पातळ पोळ्या, तळून शेजारीपाजारी वाटायची आणि मनाशी म्हणायची, पुढच्या शुक्रवारी सांगेन. अशी नऊ वर्षं गेली.

ती निवृत्त झाली तेव्हा निरोपाच्या चहाला फोरमन येर्गाझीनं थट्टा केली, "दामेली आपाय, वाळूची बादली घरी घेऊन जा. आणखी कुणी सेइलखान निघाला तर?"

दामेली उठून उभी राहिली. "तो ढ नव्हता. पाणी मी टाकलं."

येर्गाझीचे डोळे भरून आले. "बघा रे! इतकी वर्षं झाली, तरी नवऱ्याचा दोष स्वतःच्या अंगावर घेते. बायको असावी तर अशी!"

"अरे, खरं सांगतेय मी. मीच टाकलं."

"हो, हो, आपाय," म्हणत त्यानं तिच्या वाटीत चहा ओतला.